बिनगाडीचं छप्पर

६ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र कारखान्यातून लिहितेय, कापडाच्या थप्प्यांआड बसून. घरी लिहायला घेतलं असतं तर तुमच्या दादांनी विचारलं असतं, एवढं लांबलचक कुणाला? आणि मला खोटं बोलता येत नाही. आधी नाक लाल होतं, मग जीभ अडखळते. तेव्हा उत्तरही इथल्याच पत्त्यावर पाठवा. पाकिटावर ‘कटिंग मास्तरीणबाई’ लिहिलंत तरी पोचेल.

ह्यांचं कानाचं ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणतात. चांगलं म्हणजे, डावा कान गेला तो गेलाच, उजवा राखला. उभा जन्म फाउंड्रीत लाकडी साचे करण्यात गेला, शेजारी घण चालू. कान तरी किती सोसणार? आता त्या राखलेल्या कानाला वारं लागू द्यायचं नाही. गार झोत लागला की ह्यांना गरगरतं आणि भिंत धरावी लागते. घरात निभतं. पण गाडीचं काय?

आपली डाळिंबी गाडी. दोन माणसांची, लांब नाकाची, डोक्यावर उघडं आभाळ. तरुणपणी भंगारातून सांगाडा आणून ह्यांनी ती उभी केली, तेव्हा तुम्ही शाळेत होतात आणि स्पॅनर धरायला बसायचात. कापडी टप आहे, मीच शिवलेला; पण वेग घेतला की तो डब्यासारखा बडबडतो आणि काचेच्या कडेनं वारं सुरीसारखं आत येतं. ऑपरेशननंतर एकदाच हे तो चढवून बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यापाशी गाडी थांबवली आणि पायरीवर डोकं धरून बसले. तेव्हापासून गाडी शेडमध्ये आहे आणि हे खुर्चीत.

परवा जेवताना, मीठ मागावं तशा सुरात म्हणाले, ‘गाडी देऊन टाकतोय.’ घेणारा हॉटेलवाला आहे. त्याला ती दारात उभी करायची आहे, पाहुण्यांनी फोटो काढावेत म्हणून. इंजीन काढून ठेवलं तरी चालेल म्हणाला. एप्रिलअखेर त्याचं बांधकाम पुरं होईल, तेव्हा न्यायला येणार. ह्यांनी शब्द दिला. विसार मात्र मी घेऊ दिला नाही. म्हटलं, गाडी दाराबाहेर पडेल तेव्हा बघू.

आता मुद्द्याचं. आपला जुना मेकॅनिक म्हणाला की या गाडीला कंपनीनं एक कडक छप्पर काढलं होतं. थंडीत बसवायचं, उन्हाळ्यात काढून ठेवायचं. फायबरचं, एकसंध, वारा तर सोडाच, मुंगी आत शिरणार नाही. पण फार थोडी निघाली. मी म्हटलं, कुठे मिळेल? तर म्हणतो, ‘वाघिणीचं दूध मिळेल एक वेळ.’

भावजी, तुम्ही जनावरांचे डॉक्टर. डोंगरातल्या वाड्यावस्त्या तुमच्या पायाखालच्या, लोकांचे गोठे, वखारी, परसं तुम्ही जेवढी बघता तेवढी पोलीसही बघत नसतील. नजर ठेवाल का? ह्यांना यातलं काही ठाऊक नाही. मिळालं नाही तर निदान हे दुसऱ्यांदा खचायला नकोत.

तुमची,
वहिनी


१ मार्च

ती. वहिनींना

सा. न.

तुमचं पत्र वाचून मी आधी हसलो. म्हटलं, वहिनी मला गवताच्या गंजीत सुई शोधायला सांगताहेत, तीही कुणीतरी आधीच वापरून मोडलेली. आता हसत नाही.

गेल्या आठवड्यात खिंडीपलीकडून बोलावणं आलं. एक गाढव लंगडत होतं. मालकीण एक निवृत्त नर्स. सगळा गाव तिला सिस्टर म्हणतो, म्हणून मीही म्हणालो. उंच, सरळ, केस पार पांढरे आणि आवाज असा की गाढवही पाय उचलून उभं राहिलं. मी खूर कोरला, पू काढला, पट्टी बांधली. हात धुवायला मागच्या अंगणात गेलो आणि मग तिथेच उभा राहिलो, हात ओले ठेवून.

अंगणाच्या मधोमध कमरेएवढी विटांची गोल भिंत आहे. आणि त्या भिंतीवर, वहिनी, आपल्या गाडीचं डोकं ठेवलेलं आहे.

मला खात्री कशी, विचाराल. ती मागची तिरकी काच, दोन्ही कानशिलांवरच्या इवल्या खिडक्या, आणि पुढच्या कडेला ते दोन खटके, ज्यांची जागा आपल्या गाडीच्या समोरच्या काचेच्या चौकटीवर रिकामी आहे आणि जिच्यात मी लहानपणी पेन्सिली खुपसायचो. रंग जुन्या हाडासारखा. किती हलकं दिसत होतं! वाटलं, एखाद्या मोठ्या पाखराचं अंडं फुटलं आणि वरचा अर्धा भाग कुणी जपून ठेवला.

सिस्टर म्हणाली, ‘काय बघता? खाली काय आहे ते बघा.’ बाजूला एक खांब आहे, त्यावर कप्पी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला दवाखान्यातल्या जुन्या खाटेचे लोखंडी पाय वजन म्हणून बांधलेले. तिनं दोरी ओढली. छप्पर सावकाश वर उठलं, बाजूला कललं, आणि आतून एक दुर्बीण निघाली. माझ्या मांडीएवढी जाड, पितळी कड्यांची. कासवानं मान बाहेर काढावी तशी ती वर आली.

लहान मुलांच्या वॉर्डात ती वर्षानुवर्षं रात्रपाळीला असायची. एका पोरीनं खिडकीतून बोट दाखवून विचारलं, तो लुकलुकतो तो कोण? हिला सांगता येईना. तिथून जे वेड लागलं ते असं. छप्पर एका भंगारवाल्याकडे मिळालं. खालची गाडी त्यानं आधीच चेपून विकली होती. तो त्याला बिनगाडीचं छप्पर म्हणायचा.

मी विकत मागितलं. ती म्हणाली, ‘विकेन की. पण मग माझी दुर्बीण काय पावसात भिजत ठेवू?’ आणि विषय संपला.

हिरमुसू नका. दोरी ओढताना तिचा उजवा खांदा मी बघितला. माणसांचा डॉक्टर नसलो तरी दुखरा खांदा मला कळतो. मी पट्टी बदलायला पुन्हा जाणार आहे. पण हे छप्पर नक्की आपल्याच गाडीवर बसेल का, ते आधी कळायला हवं. काही माप पाठवता येईल?

आपला,
भावजी


९ मार्च

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद.

सोबत गुंडाळी पाठवतेय. उलगडताना सांभाळा, फाटली तर माझ्या तीन दुपारी फाटतील.

माप आकड्यांत घेण्याचा मी प्रयत्न केला, पण त्या गाडीच्या अंगावर सरळ रेघ अशी नाहीच. मग म्हटलं, बाई, तू आयुष्यभर काय केलंस? खांद्यावर कागद ठेवून झगे कापलेस ना? मग इथेही खांदेच आहेत. कारखान्यातला तपकिरी कागद आणला, हे डुलकी घेत असताना मी गाडीवर चढले, आणि काचेच्या वरच्या कडेपासून दारांच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत गाडीचा कागदी गळा काढला. खडूनं खुणा आहेत: जिथे फुली तिथे खटका, जिथे गोल तिथे मागचे बोल्ट.

तुमचं पत्र वाचल्यापासून माझं कापण्यात लक्ष नाही. काल एका सदऱ्याला दोन डाव्या बाह्या कापल्या. ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही: आपल्या गाडीचं डोकं एवढी वर्षं कुठल्याशा डोंगरात बसून चांदण्या राखतंय, आणि आम्हाला पत्ता नाही.

ह्यांना अजिबात संशय नाही.

तुमची,
वहिनी


१२ मार्च

प्रिय धाकट्यास,

आशीर्वाद. ढोरांच्या डॉक्टरा, बरा आहेस ना?

फोनवर मला समोरच्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो, म्हणून लिहितोय. दोन गोष्टी.

एक. गाडी द्यायचं ठरवलं आहे. तुला वहिनीनं सांगितलंच असेल. दीड महिन्यात ती जाईल. तुला शेवटची बघायची असेल तर येऊन जा. वाईट वाटून घेऊ नकोस, मी घेत नाही. वस्तूचं काम संपलं की तिला जाऊ द्यावं.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. तुझी वहिनी गाडीला कपडे शिवतेय. गेल्या आठवड्यात खिडकीतून बघितलं, तर बाई खडू आणि कागद घेऊन बॉनेटवर गुडघे टेकून बसलेली. तिला वाटतं, मला ऐकू येत नाही म्हणजे दिसतही नाही. तिनं गाडीच्या गळ्यापाशी कागद इतक्या हलक्या हातानं दाबून बसवला, की मला आत जाऊन नळ सोडून बसावं लागलं. मुलीला सासरी पाठवताना शेवटचा झगा शिवावा तसं काहीतरी तिच्या मनात असणार. मी काही विचारलं नाही. तूही विचारू नकोस. तिला शिवू दे.

तुझा,
दादा


२४ मार्च

ती. वहिनींना

सा. न.

बसलं!

गाढवाची पट्टी बदलली आणि सिस्टरला गुंडाळी दाखवली. तिनं छप्पर खाली उतरवू दिलं, दोन बाकांवर पालथं ठेवलं. आम्ही दोघांनी कागद कडेनं लावत नेला. डावीकडून सुरुवात केली, मागच्या काचेखालून वळलो, उजव्या कानशिलाशी आलो. कागद कुठे ताणला नाही, कुठे ओघळला नाही. शेवटी पुढचे खटके उरले. तुमच्या दोन्ही फुल्या खटक्यांखाली नेमक्या आल्या. सिस्टरनं कागदावर हात ठेवला. मग म्हणाली, ‘हे कुणी कापलं?’ मी म्हटलं, माझ्या वहिनीनं. ‘आणि गाडी कुणी बांधली?’ माझ्या भावानं. तर म्हणाली, ‘मग तुमचा भाऊ मला दुसरं छप्पर का करून देत नाही?’

मी तिला दादांच्या कानाचं सगळं सांगितलं होतं. ती नर्स आहे, तिला पुढचंही कळलं असावं. तिची अट एवढीच: नवं छप्पर हलकं हवं, एका हातानं उघडता आलं पाहिजे, आणि उघडलं की क्षितिजापासून क्षितिजापर्यंत सगळं आभाळ मोकळं मिळालं पाहिजे. तसं मिळालं तर जुनं घेऊन जा. पैशांचं मी पुन्हा काढलं तर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी गाढवाच्या मागे गेलो.

म्हणून मी आजच दादांना वेगळं पत्र टाकलंय. त्यात गाडीचं अक्षर नाही. फक्त एवढंच, की ओळखीच्या एका बाईंना गोल भिंतीतल्या दुर्बिणीसाठी झाकण हवं आहे, अटी अशा अशा, सुतार मिळत नाही, तू करशील का? वहिनी, दादा सध्या कुणासाठी काही करायला तयार होतील का, ते तुम्हाला ठाऊक.

जाता जाता: दादांना वाटतंय, तुम्ही गाडीला झगा शिवताय. नळ सोडून बसले होते. तुम्ही मात्र नाक सांभाळा.

आपला,
भावजी


२९ मार्च

प्रिय धाकट्यास,

आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मला हे जमणार नाही. मी रिटायर झालोय, खाली वाकलं की डोकं फिरतं, आणि सगळं आभाळ उघडणारं झाकण एका हातानं उघडायचं हे म्हणणं लग्नात नवऱ्यामुलाला घोड्यासकट उचला म्हणण्यासारखं आहे. त्या बाईंना सांग, ताडपत्री घाला.

फक्त कुतूहल म्हणून विचारतो. भिंत खरोखर गोल आहे की गोलसर? दोरी लावून बघ, एका ठिकाणी मापून लोक फसतात. वारा कुठल्या बाजूनं येतो? बाईंची उंची किती, आणि कुठला हात चांगला? दुर्बीण उभी केली की भिंतीच्या किती वर येते? बिजागरी वर नकोच, वजन तिथेच मारतं. दोन पाकळ्या केल्या आणि त्या आपल्याच वजनानं बाजूला कलल्या तर दोरीसुद्धा लागणार नाही. म्हणजे, कुणी करायचं ठरवलंच तर.

उलट टपाली कळव.

तुझा,
दादा


१४ एप्रिल

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद.

आमच्या शेडमध्ये सध्या पाय ठेवायला जागा नाही. गाडी एका कोपऱ्यात अंग चोरून उभी आहे आणि उरलेल्या जागेत एक मोठं उपडं फूल वाढतंय.

मी लाकूडकाम ह्यांच्या शेजारी बसून कधी बघितलं नव्हतं. हे फाउंड्रीत जायचे, मी कारखान्यात. संध्याकाळी भेटायचो ती दोन दमलेली माणसं. आता रजा टाकून बघते. हे पातळ पट्ट्या पाण्यात भिजवतात, गरम नळीवर धरतात, आणि ती पट्टी, जी मी वाकवली असती तर काडकन मोडली असती, त्यांच्या हातात मांजरासारखी वळते. डोळे मिटून अंगठ्यानं चाचपतात. म्हणाले, ‘फुगवटा डोळ्यांना फसवतो, अंगठ्याला नाही.’ मला अंगावर काटा आला. खांद्याची शिवण मीही अशीच तपासते, आणि इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना हे सांगितलेलं नव्हतं.

वाकलं की गरगरतं म्हणून ह्यांनी सगळं काम छातीच्या उंचीवर टांगून घेतलंय. वरून ताणायचं कापड माझ्याकडे आलं. जाड, मेण लावलेलं, फाकीफाकीनं कापून शिवलं. हे शिवणीवरून बोट फिरवत राहिले आणि हळूच म्हणाले, ‘तुझा तो दुसरा झगा झाला की नाही?’ मी म्हटलं, होतोय. नाक लाल झालं असणार, पण ते खाली बघत होते.

काल दोन्ही पाकळ्या जोडल्या. ह्यांनी करंगळीनं ढकललं. अहो, ते सबंध फूल एक उसासा टाकून उघडलं आणि आपणहून थांबलं. मग ह्यांनी मिटवलं आणि मला म्हणाले, आता तू.

शनिवारी टेम्पो ठरवलाय. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये काचा लावून बसू. तुम्ही खिंडीपलीकडे थेट सिस्टरकडेच या. ह्यांना अजून वाटतंय की आम्ही झाकण पोचवून रिकाम्या टेम्पोनं परत येणार आहोत.

तुमची,
वहिनी


२२ एप्रिल

प्रिय धाकट्यास,

आशीर्वाद.

त्या अडलेल्या गाईचं काय झालं? आम्ही टेम्पोतून उतरलो आणि तुला बोलावणं आलं, तू चहाचा कप कुंपणावर ठेवून पळालास. त्यामुळे पुढचं तू बघितलं नाहीस, आणि तुझी वहिनी म्हणते, हे तुम्हीच लिहायला हवं.

मी पाकळ्या उतरवून घेण्यात गुंतलो होतो, मान वर केली नव्हती. सिस्टर म्हणाली, जुनं काढून घ्या आधी. मी अंगणात वळलो. पायाखालची जमीन सरकली. तुझी वहिनी धावली, तिला वाटलं कान. कान नव्हता रे. भिंतीवर जे होतं त्याचं मी तरुणपणी एका कॅटलॉगात फक्त चित्र बघितलं होतं. वाटायचं, चित्रातच असतं ते. मी जवळ गेलो, पुढच्या कडेखाली हात घातला, खटका लागला. तो मला न बघता उघडता आला.

तुझ्या वहिनीकडे बघितलं. नाकाचा टोमॅटो. मग सगळं एकदम समजलं: कागद, खडू, बॉनेटवरचे गुडघे, तुझं ते साळसूद पत्र. सिस्टर म्हणाली, ‘तुम्ही माझं छप्पर केलंत. आता तुमचं घेऊन जा.’

आम्ही पाकळ्या बसवल्या. भिंत गोलसरच निघाली, पण मी तेवढी जागा सोडली होती. सिस्टरनं डाव्या हातानं, दोन बोटांनी उघडल्या. मिटवल्या, पुन्हा उघडल्या. मग मला म्हणाली, बसा इथे.

दुपार कलली होती. लहानपणी मास्तर म्हणायचे, दिवसा तारे दाखवीन, आणि दाखवायचेही. मी म्हटलं, सिस्टर, आत्ता काय दिसणार? तिनं मला स्टुलावर बसवलं, डोकं फिरू नये म्हणून पाठीला हात लावला, आणि दुर्बीण रिकाम्या निळ्या आभाळाकडे वळवली. सूर्य घराच्या छपराआड होता. मी डोळा लावला. निळं. नुसतं निळं. ‘थांबा,’ ती म्हणाली.

आणि मग ती तिथे होती. एवढीशी, पांढरीशुभ्र, चंद्रासारखी कोर. पण चंद्र नव्हे. कडा अशी तासलेली की कुठल्या पटाशीनं तसं कापता येणार नाही. किंचित थरथरत होती, हवेमुळे. सिस्टर कानाशी म्हणाली, शुक्र. रोज दिवसा असतो, कुणी बघत नाही.

धाकट्या, मी आयुष्यभर वाकडी वस्तू सरळ नजरेनं बघत आलो. मला वाटायचं गोलाई मला कळते. त्या कोरीपुढे मी बिगारीतला पोर होतो. आपण जेवत होतो, भांडत होतो, मी खुर्चीत बसून सगळं संपलं म्हणत होतो, आणि तेव्हाही ती रोज दुपारी डोक्यावरून जात होती. मी किती वेळ बसलो माहीत नाही. तुझी वहिनी मागे रांगेत उभी होती, पण तिनं घाई केली नाही. तिनं डोळा लावला तेव्हा तोंडावर हात घेतला आणि तसाच ठेवला.

छप्पर आम्ही टेम्पोत गाद्यांवर निजवून आणलं. काल हॉटेलवाल्याकडे स्वतः जाऊन आलो. शब्द मागे घेणं मला आवडत नाही, तेही सांगितलं. तो बरा माणूस निघाला; म्हणाला, दारात मी होडी ठेवीन. तुझ्याकडून एक काम: सिस्टरला विचार, शुक्र नसेल तेव्हा दिवसा आणखी काय दिसतं.

तुझा,
दादा


६ मे

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद.

छप्पर बसलं. मागची काच धुरकट झाली होती, ती बदलली. नवं रबर मी कडेनं शिवणीसारखं बसवत नेलं. रंग ह्यांनी बदलू दिला नाही. डाळिंबी अंगावर हाडाच्या रंगाचं डोकं: म्हणाले, तिचं डोकं दुसरीकडे वाढलंय, दिसू दे.

पण आज लिहितेय ते वेगळंच. हे वाचून दादांना एक अक्षर कळवायचं नाही. शपथ घाला स्वतःला.

रविवारी पहिल्यांदा बाहेर पडलो. खटके लावले, दारं ओढली, आणि सबंध गाव एकदम दूर गेलं. मी त्या गाडीत जन्म काढलाय, पण कधी आत बसले नव्हते. वर बसले होते एवढंच. आता ती एक खोली झाली होती. लहानशी, दोघांपुरती. इंजीन पायाशी गुरगुरत होतं. वेग वाढला, झाडं वाकलेली दिसत होती, म्हणजे वारा होता; आत माझ्या कपाळावरचा केस हलत नव्हता. मी ह्यांच्याकडे बघत होते, आता डोकं धरतील, आता थांबतील. धरण मागे पडलं. चढ लागला. हे थांबले नाहीत.

आणि मग मला आवाज आला.

आधी वाटलं, नव्या रबराची फट. मी कान दिला. फट नव्हती. भावजी, तुमचे दादा गात होते.

तुम्ही कधी ऐकलंय? मी तरी नाही. घरात हा माणूस गुणगुणतसुद्धा नाही. उघड्या गाडीत आम्ही कधी बोललोच नाही. मी रुमालानं कान बांधून बसायची, वाऱ्यात आपलाच शब्द आपल्याला मिळायचा नाही. त्यांचे ओठ हलायचे ते मला दिसायचे. मला वाटायचं, रस्ता मोजताहेत, नाहीतर पुढच्याला शिव्या देताहेत. आणि ते गात होते! हा सूर काही परवाचा नव्हता. घोटून घोटून गुळगुळीत झालेला, पायरीच्या दगडासारखा. त्यांना स्वतःला तो ऐकू येत असेल-नसेल. मला येतोय हे तर त्यांच्या गावीही नव्हतं. आजवर वारा तो घेऊन जायचा, तसाच आताही जातोय असं समजून निवांत गात होते.

कुठलं ऐकीव गाणं नव्हतं. समोर येईल ते गात होते. पूल आला की पूल, मेंढरं आली की मेंढरं. वळणावर सूर वळायचा, उतारावर खाली यायचा. आणि मध्येमध्ये, धरून ठेवलेल्या ओळीसारखं, परत परत: ‘बाई माझी शेजारी, आभाळ माझं वर.’

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. हललेही नाही. दुर्बिणीला डोळा लावला होता तेव्हा जसा श्वास धरला होता, तसा धरून बसले. किती रस्ते गेलो असू आम्ही त्या गाडीतून, आणि सगळ्या रस्त्यांवर हे गाणं सांडत आलोय. मागून सायकलवर येणाऱ्यांनी ऐकलं असेल, शेतातल्या माणसांनी ऐकलं असेल. शेजारी बसलेल्या मला मात्र आज मिळालं.

एकदा त्यांनी गाणं थांबवून विचारलं, ‘गप्प का?’ मी मान हलवली, काही नाही. त्यांनी पुन्हा समोर बघितलं, आणि थोड्या वेळानं सूर परत सुरू झाला.

येताना संध्याकाळ झाली होती. आपल्या घराचा फाटा आला. हे नेहमी शंभर पावलं आधी हात दाखवतात, या वेळी दाखवला नाही. फाटा मागे गेला. मी सीटला पाठ टेकली.

गाणं अजून चालू होतं.

तुमची,
वहिनी